रडार काय वगळते: काठीच्या वाटेवरील निरीक्षणे

चालकाला साहाय्य करणाऱ्या यंत्रणांची माहिती देताना गाडीचे पुढचे रडार किती दूरचे टिपते आणि अंधारात, धुक्यात कसे काम करते यावर भर दिला जातो. मात्र अशी गाडी रोज चालवणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या माणसांना जी समज उपयोगी पडते ती निराळी असते, कारण रडारला जे दिसते त्याहून, दिसूनही ते जे सोडून देते, त्याच्याशी त्यांची गाठ अधिक पडते. महामार्गावर हा फरक सहसा जाणवत नाही. नंदुरबार जिल्ह्यात अक्कलकुव्याहून देवगोई घाटाने मोलगी परिसरात आणि तेथून काठीला जाणाऱ्या रस्त्यावर तो पहिल्या काही वळणांतच जाणवू लागतो.

सातपुड्याच्या रांगांत वसलेले काठी हे जुन्या मेवासी संस्थानांपैकी एकाचे ठिकाण असून तेथील राजवाडी होळीसाठी ते महाराष्ट्रात आणि शेजारच्या गुजरातेत ओळखले जाते. एरवी या वाटेवर प्रवासी जीप, मोटारसायकली, एसटी आणि किराणा किंवा सिमेंट वाहणारे टेम्पो धावतात, ज्यांच्यात रडार असण्याचा प्रश्नच नसतो. होळीच्या दिवसांत मात्र नंदुरबार, सुरत, नाशिक अशा शहरांतून खासगी आणि भाड्याच्या गाड्या घाट चढतात आणि त्यांत पुढच्या जाळीमागे किंवा बंपरच्या खालच्या भागात रडार असलेल्या गाड्यांचीही आता भर पडते आहे. मर्सिडीझने १९९९ मध्ये आपल्या महागड्या एस-क्लास गाडीत रडारच्या आधारे पुढच्या वाहनापासून अंतर राखणारी यंत्रणा दिली तेव्हा ती श्रीमंतांची चैन होती. भारतात मॉरिस गॅरेजेसची ग्लॉस्टर २०२० मध्ये आणि चाकणला तयार होणारी महिंद्राची एक्सयूव्ही ७०० ऑगस्ट २०२१ मध्ये आली, आणि त्यानंतर काही वर्षांतच हे यंत्र टूरिस्ट गाडीवरच्या पगारी चालकाच्या पुढ्यात, त्याने मागितलेले नसताना, येऊन बसले. त्याची इंग्रजी पुस्तिका बहुधा ग्लोव्ह बॉक्समध्ये प्लास्टिकच्या पिशवीतच राहते. चालकाचे शिक्षण रस्त्यावर होते.

वस्तू म्हणून हे यंत्र फार साधे दिसते. तळहातावर मावेल एवढी चपटी पेटी, समोर काळ्या प्लास्टिकचा सपाट चेहरा, मागे वायरिंगचा एक सॉकेट आणि पेटीला धरून ठेवणारे ब्रॅकेट, एवढाच तिचा पसारा. तिच्यात भिंग नाही आणि फिरणारा भागही नाही. आतल्या पट्टीवर छापलेल्या तांब्याच्या बारीक चौकोनांपैकी काही लहरी सोडतात आणि काही परत आलेल्या लहरी झेलतात. या लहरींची कंप्रता, म्हणजे एका सेकंदातील त्यांच्या आंदोलनांची संख्या, ७६ ते ७७ गिगाहर्ट्झ असते आणि तरंगलांबी सुमारे ४ मिलिमीटर भरते. भारतात वाहनांच्या रडारसाठी हा पट्टा परवान्याच्या अटीतून २०१५ मध्ये मोकळा करण्यात आला. इतक्या आखूड लहरींशी या देशाची ओळख मात्र जुनी आहे. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ मध्ये कोलकात्यात विद्युतचुंबकीय लहरी भिंतीपलीकडे पाठवून दूरवरची घंटा वाजवून दाखवली होती आणि त्या दशकात त्यांनी वापरलेल्या लहरींची लांबी पार ५ मिलिमीटरपर्यंत उतरली होती. लहरी परत येतात यावरून समोरचे जहाज ओळखता येईल हे जर्मनीत क्रिस्टियान ह्युल्समायर यांनी १९०४ मध्ये कोलोन येथे ऱ्हाईन नदीवर दाखवले. दोन्ही सूत्रे जुनीच होती. ती एका स्वस्त चिपवर एकत्र यायला मात्र जवळपास शतक लागले.

रडार अंतर मोजते ते थेट वेळ मोजून नव्हे. १५० मीटरवरच्या ट्रकला आपटून परत यायला लहरीला केवळ एक मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग, लागतो आणि एवढा वेळ स्वस्त यंत्राने नेमका मोजणे अवघड असते. म्हणून सोडलेल्या लहरीची कंप्रता ठरावीक गतीने चढवत नेली जाते. अशा चढत्या लहरीला अभियंते चिर्प म्हणतात. समजा ५० मायक्रोसेकंदांत कंप्रता ५०० मेगाहर्ट्झने चढते, तर ट्रकवरून परतलेली लहर पेटीत शिरेपर्यंत पेटीतून बाहेर पडणारी लहर १० मेगाहर्ट्झने वर गेलेली असते. हा फरक दूरच्या वस्तूसाठी मोठा आणि जवळच्या वस्तूसाठी लहान असतो, तेव्हा फरक मोजला की अंतर हाती येते. एकाच चिर्पमध्ये अनेक वस्तूंचे फरक एकमेकांत मिसळून येतात आणि गणिताने ते सुटे केले जातात. वरच्या उदाहरणातील ५०० मेगाहर्ट्झच्या चढणीवर, ३० सेंटीमीटरहून अधिक अंतराने पुढेमागे असलेल्या दोन वस्तू वेगळ्या ओळखता येतात.

वेग कळतो तो त्याहूनही सूक्ष्म रीतीने. सेकंदाला १० मीटर, म्हणजे ताशी ३६ किलोमीटर, या गतीने जवळ येणारी वस्तू एका चिर्पपासून दुसऱ्या चिर्पपर्यंत जेमतेम अर्धा मिलिमीटर सरकते. पण जाण्यायेण्याचा मार्ग धरून तो एक मिलिमीटर होतो, आणि ४ मिलिमीटरच्या लहरीत एक मिलिमीटर हा चौथा हिस्सा असल्यामुळे परतलेल्या लहरीची कला, म्हणजे आंदोलनातली तिची स्थिती, स्पष्ट बदललेली दिसते. ओळीने सोडलेल्या शे-दोनशे चिर्पमधून हा बदल वाचला की वस्तूचा वेग ताशी किलोमीटरच्या अंशापर्यंत कळतो. ख्रिस्टियान डॉप्लर यांनी १८४२ मध्ये मांडलेले तत्त्वच येथे लागू होते.

दिशेच्या बाबतीत मात्र हे यंत्र कच्चे आहे. परतलेली लहर शेजारशेजारच्या झेलणाऱ्या चौकोनांवर किती पुढेमागे पोहोचली यावरून कोन काढला जातो; परंतु पेटीची रुंदी थोडी असल्यामुळे दोन वस्तूंमध्ये काही अंशांचे अंतर असल्याशिवाय त्या वेगळ्या ओळखू येत नाहीत. १०० मीटरवर ३ अंश म्हणजे सव्वापाच मीटर, आणि महामार्गाची एक लेन असते साडेतीन मीटरची. उंचीच्या बाबतीत तर नव्या पिढीच्या, चार परिमाणांच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या रडारखेरीज इतरांची मजल फारशी जात नाही. सारांश असा की बहुतेक रडारला अंतर आणि वेग उत्तम कळतात, बाजू कामचलाऊ कळते आणि उंची जवळजवळ कळत नाही.

या एका उणिवेतून पुढचे सगळे प्रश्न उभे राहतात. चालत्या गाडीच्या दृष्टीने रस्त्यावरचे सारे जग तिच्याकडे धावत येत असते: मैलाचे दगड, सागाची झाडे, पुलाचे कठडे, दिशादर्शक पाट्या, रस्त्यावरून आडवी गेलेली लोखंडी कमान. या सगळ्यांचा वेग गाडीच्या स्वतःच्या वेगाइतकाच आणि उलट दिशेचा भरतो, म्हणून त्या स्थिर आहेत हे रडारला नेमके समजते. समजत नाही ते एवढेच, की यांतली कोणती वस्तू रस्त्यात आहे, कोणती रस्त्याच्या कडेला आहे आणि कोणती डोक्यावरून जाणार आहे. प्रत्येक स्थिर परावर्तनाला घाबरून ब्रेक मारायचा ठरवला तर गाडी प्रत्येक कमानीखाली थांबेल आणि मागचा ट्रक तिच्यावर येऊन आदळेल. म्हणून अंतर राखून चालवणाऱ्या यंत्रणेची रचना अशी केली गेली की सुपात धान्य पाखडावे तसे स्थिर परावर्तनांचे फोल उडवून द्यायचे आणि हलणारी वाहने तेवढी हाती ठेवायची. जे वाहन आधी चालताना दिसले आणि मग थांबले त्याच्यावरची नजर सहसा सुटत नाही. पण जे पहिल्यापासून थांबलेलेच होते ते फोलाबरोबर उडून जाऊ शकते. ही चूक नव्हे, विचारपूर्वक पत्करलेली तडजोड आहे, आणि जवळपास प्रत्येक गाडीच्या पुस्तिकेत थांबलेली वाहने, पादचारी व जनावरे यांच्याबाबत ही यंत्रणा प्रतिसाद देईलच असे नाही, असे बारीक अक्षरांत लिहिलेले असते.

काठीच्या वाटेवर रस्त्यात असते ते नेमके हेच. वळण संपताच डांबरावरच उभी राहिलेली आणि प्रवासी उतरवणारी जीप, मागच्या चाकाला दगड लावून ठेवलेला बिघडलेला टेम्पो, पावसाळ्यात दरडीतून सुटून आलेला दगड, रस्त्याच्या मध्यभागी रवंथ करत बसलेली गाय आणि तिच्याभोवती शेळ्या: या वाटेवरच्या चालकाची सारी दक्षता ज्या गोष्टींसाठी असते त्या यंत्रणेच्या हिशेबात फोलाच्या बाजूला पडतात. महामार्गावर शेकडो किलोमीटर या यंत्रणेच्या भरवशावर आलेला चालक घाटाच्या पायथ्याशी तीच सवय घेऊन वर चढू लागतो, आणि खरा धोका यंत्रापेक्षा त्या सवयीत असतो. अनुभवी टूरिस्ट चालक म्हणूनच घाट लागताच स्टिअरिंगवरचे बटण दाबून वेग धरून ठेवणारी सोय बंद करतात. अनेक गाड्यांत ती ताशी ३० किलोमीटरच्या आत लावताच येत नाही आणि घाटात त्याहून अधिक वेग फार वेळ टिकत नाही, त्यामुळे काही वेळा हा निर्णय वळणेच घेऊन टाकतात.

आणीबाणीत आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा याहून वेगळी असते आणि दोहोंची गल्लत हा गॅरेजात वारंवार ऐकू येणाऱ्या तक्रारींचा उगम आहे. थांबलेल्या वाहनासाठीही तिने ब्रेक लावणे अपेक्षित असते, पण त्यासाठी केवळ रडारचा शब्द पुरत नाही. आरशामागे काचेवर बसवलेल्या कॅमेऱ्याने त्या वस्तूला वाहन, माणूस किंवा सायकल म्हणून ओळखावे लागते, आणि दोघांचे एकमत झाले की मगच जोराचा ब्रेक लागतो. कॅमेरा ओळखायला शिकलेला असतो तो त्याला दाखवल्या गेलेल्या चित्रांवरून. पाठीमागून पाहिलेली मोटार त्याच्या चांगल्या परिचयाची असते. टपावर, मागच्या शिडीवर आणि बोनेटच्या कडेला माणसे लोंबत असलेली जीप त्याला कितपत जीप वाटत असेल हा प्रश्न रास्त आहे.

घाटातील वळणांची अडचण साध्या भूमितीची आहे. दूरचे पाहणारा रडारचा झोत नाकासमोर दोन्ही बाजूंना जेमतेम दहा-एक अंश पसरतो आणि जवळच्या टप्प्यात तो रुंद होतो. वळणाची त्रिज्या २० मीटर असेल तर रस्त्याने ३१ मीटर पुढे गेलेले वाहन काटकोनात वळलेले असते आणि गाडीच्या नाकापासून ते ४५ अंश बाजूला असते, म्हणजे दूरच्या झोताच्या पूर्ण बाहेर. त्यातच मध्ये कडा असेल तर प्रश्नच मिटला, कारण ४ मिलिमीटरची लहर खडकातून जात नाही. गाडी स्टिअरिंगचा कोन आणि स्वतःच्या फिरण्याचा वेग पाहून आपला पुढचा मार्ग आखते खरी, पण हा अंदाज वळण सुरू झाल्यावरचा असतो, त्याच्या आधीचा नव्हे. त्यामुळे डाव्या वळणावर समोरून उतरणारी एसटी क्षणभर नेमकी नाकासमोर, आपल्याच मार्गात असल्यासारखी भासते आणि गाडी किंचाळून इशारा देते किंवा ब्रेकला झटका देते. ‘उगाच ब्रेक मारते’ ही चालकांची तक्रार बहुधा अशाच जागची असते. चढ संपून उतार सुरू होतो त्या माथ्यावर दुसरी गोष्ट घडते: झोताची उभी जाडी थोडेच अंश असल्यामुळे गाडीचे नाक वर असेपर्यंत रडार आकाश पाहत असते आणि पलीकडचा रस्ता त्याच्या गावीही नसतो. मागे सहा-सात माणसे आणि डिकीत सामान भरले की गाडीची शेपटी दबते, नाक उचलले जाते आणि हीच उणीव सपाट रस्त्यावरही थोडीफार बरोबर येते.

कोणती वस्तू किती परत बोलते हेही सारखे नसते. सपाट लोखंडी पाठ असलेला ट्रक लहरी भरभरून परत पाठवतो, मोटार त्याहून कमी आणि उभा माणूस मोटारीच्या साधारण दहाव्या हिश्शाइतक्या. शिवाय अंतर दुप्पट झाले की परत येणारी शक्ती सोळाव्या हिश्शावर येते. वाळलेले लाकूड लहरींना बऱ्याच अंशी आरपार जाऊ देते, त्यामुळे लाकडी बैलगाडीत रडारला मुख्यतः दिसतात त्या चाकांच्या लोखंडी धावा आणि पाण्याने भरलेली बैलांची शरीरे. शहादा-तळोदा-अक्कलकुवा पट्ट्यात गळीत हंगामात धावणाऱ्या उसाच्या ट्रॉल्या यापेक्षा अवघड असतात. ओला ऊस लहरींना चारी दिशांना विखुरतो, ट्रॉलीचा लोखंडी सांगाडा मात्र ठळक दिसतो. परिणामी रडार अंतर मोजते ते सांगाड्यापर्यंतचे, आणि त्याच्या मागे हात-दोन हात बाहेर आलेली उसाची टोके हिशेबात येतीलच असे नाही. रात्री मागचा दिवा नसलेल्या ट्रॉलीजवळ कॅमेराही फारसा कामाचा उरत नाही. तरीही एका गोष्टीचे श्रेय रडारला द्यायला हवे: ट्रॉली चालत असेल तर पूर्ण अंधारातही तिचा मंद वेग त्याला माणसाच्या डोळ्याआधी कळतो, आणि महामार्गावर तेवढे कळणे मोठे असते.

गॅरेजातील कामाचा अनुभव याच विषयाची दुसरी बाजू दाखवतो. पावसाळ्यात घाटातून उतरलेल्या गाडीच्या बंपरवर लाल मातीचा लेप बसतो. कोरडी धूळ लहरींना फारशी अडवत नाही, पण ओला चिखल अडवतो, कारण या कंप्रतेच्या लहरी पाणी मोठ्या प्रमाणात शोषून घेते. डॅशबोर्डवर रडार झाकले गेल्याचा संदेश येतो आणि चालक धास्तावून गॅरेज गाठतो. ओल्या फडक्याने पुसण्यापलीकडे तेथे काही करायचे नसते. खरे काम सुरू होते ते बंपरला मार लागल्यावर. पेटीसमोरचे प्लास्टिक हे केवळ शोभेचे झाकण नसते. त्याची जाडी लहरीच्या प्लास्टिकमधील तरंगलांबीशी जुळवलेली असते, जेणेकरून पुढच्या आणि मागच्या पृष्ठभागांवरून होणारी परावर्तने एकमेकांना मारून टाकतील. त्या जागी डेंटिंगवाल्याने सवयीप्रमाणे पुट्टी भरून घासून वरून चांदीसारखा धातुकणांचा रंग मारला तर बंपर नव्यासारखा दिसतो आणि रडार अधू होते. असे काम करणाऱ्याचा हात वाईट नसतो. ज्या पृष्ठभागावर तो आयुष्यभर काम करत आला त्याला आता एक अदृश्य कामही आहे हे त्याला कोणी सांगितलेले नसते. पुढे लावलेले लोखंडी गार्ड हा असाच प्रकार. केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्ये त्यांच्याविरुद्ध राज्यांना कारवाई करायला सांगितले ते पादचाऱ्यांच्या आणि एअरबॅगच्या कारणाने; रडारसमोर आडवी येणारी लोखंडी नळी हे त्यात पडलेले आणखी एक कारण.

ब्रॅकेटची गोष्ट तर केसाएवढी. दगडाला नाक घासून ब्रॅकेट एका अंशाने वाकले तर डोळ्याला काहीच दिसत नाही, पण १०० मीटरवर नेम पावणेदोन मीटरने, म्हणजे अर्ध्या लेनने, ढळतो आणि गाडी शेजारच्या लेनमधल्या वाहनामागे हळू होऊ लागते. पेटी काढून बसवली की तिचा नेम पुन्हा लावावा लागतो, आणि त्याच्या दोन रीती आहेत: एकीत सपाट जमिनीवर गाडीच्या मध्यरेषेपासून मोजून धातूचा त्रिकोणी परावर्तक उभा करतात आणि संगणकाच्या साहाय्याने पेटीचा रोख जुळवतात; दुसरीत गाडी ठरावीक वेगाने सरळ रस्त्यावर चालवली जाते आणि कडेच्या स्थिर वस्तू वाचत रडार आपला रोख आपणच शोधते. म्हणजे एरवी जे फोल म्हणून उडवून दिले जाते तेच येथे मापदंड ठरते. दुसरी रीत सोयीची वाटली तरी तिला लागणारा सरळ, सलग आणि दोन्ही कडांना खुणा असलेला रस्ता घाटात मिळत नाही. त्यासाठी खाली अंकलेश्वर-बऱ्हाणपूर महामार्गावर उतरावे लागते.

होळीच्या रात्री या यंत्राची आणखी एक परीक्षा होते. काठीत लोक आदल्या संध्याकाळपासून जमतात, ढोलाच्या तालावर रात्रभर नाच चालतो आणि होळी पेटते ती पहाटे. तोवर गावाकडे येणाऱ्या रस्त्यावर पायी चालणाऱ्यांच्या रांगा लागलेल्या असतात. गाड्यांच्या प्रखर दिव्यांनी कॅमेरा चकाकतो, धूळ आणि धूर दाटतो. ४ मिलिमीटरच्या लहरींना मात्र धुराचे कण इतके लहान असतात की त्या जवळजवळ अडत नाहीत. चालणाऱ्या माणसाची खूणही रडारला वेगळी मिळते, कारण त्याचे धड एका वेगाने आणि हातपाय कमीअधिक वेगांनी हलतात व परतलेल्या लहरीत मुख्य वेगाभोवती लहान वेगांची झालर दिसते. कमरेला भोपळे आणि घुंगरू बांधून, मोरपिसांचा टोप घालून नाचणाऱ्या बुध्यांची झालर किती रुंद भरेल याची कल्पनाच केलेली बरी. चाचणीच्या मैदानावर वापरली जाणारी, पाय हलवणारी पादचाऱ्याची बाहुली त्या मानाने फार शिस्तीची असते. गर्दी दाट झाली की एकेक माणूस वेगळा काढणे कोनाच्या कच्चेपणामुळे रडारला जमत नाही आणि पार्किंगपर्यंतचा शेवटचा टप्पा इशाऱ्यांच्या अखंड आवाजात पार पडतो.

या आवाजाला कंटाळून काही चालक पडद्यावरच्या मेनूत जाऊन सगळ्याच सोयी बंद करतात. जाणते चालक निवड करतात: अंतर राखणारी सोय बंद, टक्करीचा इशारा सर्वांत उशिराच्या पायरीवर, आणि आपत्कालीन ब्रेक चालूच, कारण रात्रभराच्या जागरणानंतर पहाटे घाट उतरताना चुकण्याची शक्यता यंत्रापेक्षा चालकाचीच अधिक असते. येथेही एक मेख आहे. अनेक गाड्यांत इंजिन बंद करून पुन्हा सुरू केले की आपत्कालीन ब्रेक आपोआप चालू होतो, इशाऱ्याची पायरी मात्र चालकाने ठेवली तेथेच राहते. तेव्हा अक्कलकुव्याला महामार्ग लागल्यावर चहा घेऊन निघताना ती पायरी पुन्हा लवकरच्या बाजूला आणायची असते, कारण तेथून पुढे रस्ता सरळ असतो, वेग वाढतो आणि उसाच्या ट्रॉल्या सुरू होतात.